पाच देशांचे पाच कोपरे

"शालन, तुझा हात तो माझा हात," मॉरिस सायबानं मला ओट्यापाशी गाठून सांगितलं, "पण ही गोष्ट या स्वयंपाकघराच्या बाहेर जाता कामा नये."

एवढं बोलून त्यानं दार लावून घेतलं. घरात आम्ही दोघं आणि त्याची मांजर. मांजरीपासून लपवायचं होतं की काय, देव जाणे.

"रविवारी दुपारी एक वाजता लिंडामायकडे जेवण आहे. आपली कीश न्यायची. पालकाची. मी सकाळी पोहायला जाणार, तोवर तू ये, करून झाकून ठेव, आणि मागच्या दारानं जा. समजलं?"

समजलं होतं सगळं. कीश म्हणजे अंडी-साय घालून भाजलेली त्यांची जाड पोळी. हात माझा, भट्टी त्याची आणि नाव फ्रान्सचं.

"सायब, रविवारी मला सुटी हवी. गावी जायचंय. सर्वपित्री अमावास्या आहे."

"ती काय असते?"

"आमच्या मेलेल्या माणसांचं जेवण. बापाला वाडी दाखवायची, म्हणजे त्याच्या नावानं पान वाढून ठेवायचं. दरवर्षी भाऊ दाखवतो, यंदा तो जहाजावर आहे."

मॉरिसनं मनापासून विचार केला. माणूस वाईट नव्हता, पण विचार केला की हमखास काहीतरी वाईट बोलायचा. म्हणाला, "मेलेली माणसं सोमवारी जेवणार नाहीत?"

मी भांडी घासायला घेतली. त्या दिवशी त्याच्या काचेच्या भांड्याचा कान उडाला तो कशानं, हे त्याला आजतागायत ठाऊक नाही.

ही गोष्ट तेरा वर्षांपूर्वीची. तेव्हा मी पणजीच्या मळा नावाच्या वस्तीत एका खोलीत राहायचे आणि शेजारच्या फोंतेन्हासमध्ये पाच घरी रांधायचे. फोंतेन्हास म्हणजे पणजीतला पोर्तुगीजांच्या वेळचा जुना वाडा. पिवळी, निळी, तांबडी घरं, दोन माणसं जेमतेम जातील अशा गल्ल्या, आणि प्रत्येक भिंतीला टेकून फोटो काढून घेणारे दिल्लीकर. जुनी गोंयकार पोरं पोर्तुगालला पळाली आणि त्यांच्या घरांत भाड्यानं येऊन बसले परदेशी. गोंयकार पोर्तुगालात आणि परदेशी फोंतेन्हासात, असा तो उलटा व्यवहार. हे परदेशी स्वतःला 'लोकल' म्हणवायचे. टुरिस्ट दिसला की नाक मुरडायचे. कोंकणीचे पाच शब्द यायचे, त्यातले दोन माशांची नावं.

माझी पाच घरं म्हणजे पाच देश होते. मॉरिस फ्रान्सचा. डोनातेला इटलीची, तिचे हात बोलताना एवढे हलायचे की मी तिच्याजवळ तेलाचं भांडं ठेवत नसे. उर्सुला जर्मनीची, तिच्या घरी चमचेसुद्धा उंचीप्रमाणे लावलेले. कॉलिन इंग्रज, सकाळी योग करायचा आणि दिवसभर पाठ धरून बसायचा. आणि गालिना, रशियाची, हसली की खिडकीच्या काचा थरथरायच्या.

प्रत्येकानं मला आपल्या देशाचा पदार्थ एकदा करून दाखवला होता. एकदाच. दुसऱ्या वेळेपासून मीच करायचे आणि तिसऱ्या वेळेपासून त्यांच्यापेक्षा बरा करायचे. दर महिन्याला एकाच्या घरी पाचही जण जमायचे. प्रत्येकानं आपापल्या देशाचा एक पदार्थ न्यायचा, 'स्वतःच्या हातचा'. मग वाहवा चालायची. अहाहा, ही खरी इटली! अरे, हे तर बर्लिन! आणि मी आत बश्या विसळत ऐकायचे. इटली, बर्लिन, मॉस्को, सगळं मळ्यातून चालत यायचं, सकाळी सातला, रबरी चपला घालून.

पाचांपैकी एकालाही दुसऱ्याचं ठाऊक नव्हतं. प्रत्येकाला वाटायचं, शालन आपल्याकडे रांधते आणि बाकीच्यांकडे फक्त झाडूपोछा करते.

त्या रविवारच्या जेवणाला मात्र वेगळं महत्त्व होतं. गल्लीच्या तोंडाशी लिंडामायचं तांबडं घर आहे. एर्मेलिंडा मास्कारेन्हस, वय अठ्ठ्याहत्तर, कमरेत वाकलेली, जिभेनं ताठ. तिच्या घराच्या तळमजल्यावर पूर्वी तिची सासू खानावळ-कम-दारूचा अड्डा चालवायची. इकडे त्याला ताव्हेर्न म्हणतात. सासू गेली आणि तिथं कुलूप पडलं, त्याला वीस वर्षं झाली. हॉटेलवाले फेऱ्या मारून थकले. शेवटी त्या पावसाळ्यात लिंडामायनं जाहीर केलं की खोली द्यायची, पण जो स्वतः रांधेल त्यालाच. गल्ल्यावर बसून दुसऱ्याला राबवणारा नको. आणि ते रांधणं ती स्वतः खाऊन बघणार.

पाचही जणांच्या तोंडाला पाणी सुटलं. मॉरिसला तिथं बिस्त्रो म्हणजे फ्रेंच खानावळ काढायची होती, डोनातेलाला पास्त्याचं दुकान, उर्सुलाला केकचं. कॉलिनला काय काढायचं होतं ते त्यालाही माहीत नव्हतं, पण बाकीच्यांना मिळालेलं त्याला सोसवलं नसतं. गालिना वरवर म्हणाली, "मला खोली नको, मला या चौघांची तोंडं बघायचीत."

आणि गुरुवारपासून शनिवारपर्यंत पाचही जणांनी मला एकेक करून आपापल्या स्वयंपाकघरात कोंडलं. सगळ्यांची मागणी तीच. रविवारी कर, झाकून ठेव, कुणाला सांगू नकोस. सगळ्यांचं आमिष तेच. खोली मिळाली की तिथली मुख्य आचारी तू. आणि धमकीही तीच, फक्त प्रत्येकाची गोड करून सांगायची तऱ्हा वेगळी. बोललीस तर उद्यापासून येऊ नकोस.

पाचांकडे मी सुटी मागितली. पाचांनी नाही म्हटलं. उर्सुलानं तर वही काढून दाखवलं की माझी सुटी गणपतीत संपलेली आहे.

शनिवारी संध्याकाळी घरी जाताना लिंडामायनं मला बाल्कनीतून हाक मारली.

"गो शालन! वयर बघ."

मी वर बघितलं.

"तूं त्या फिरंग्यांगेर कामाक मगो? खरें सांग. रांधता कोण?"

आता मी काय सांगायचं? एका शब्दात पाच पगार जाणार होते. म्हटलं, "तेच रांधतत माय. मी भांडी घासतंय."

तिनं चष्मा पुसला, परत लावला आणि माझ्या हातांकडे बघितलं. लसूण सोलून सोलून माझ्या अंगठ्याचं नख पिवळं झालेलं असतं, आजही. मी हात पदराखाली घेतले.

"बरें," ती म्हणाली. "फाल्यां वाडपाक तूंच यो."

म्हणजे वाढायला मीच. आणखी छान.

रात्री झोप लागली नाही ती त्या खोटेपणामुळे नव्हे. खोटं मी रोजच बोलत होते, पाच भाषांत. झोप लागली नाही ती बापामुळे. माझा बाप, हरी केरकर, आरोंद्याच्या तरीवर खानावळ चालवायचा. खानावळ म्हणजे काय, चार कुडाच्या भिंती आणि दोन बाकं. होडीनं आलेला माणूस पेज, बांगड्याचं तिखलं आणि भजी खाऊन पुढं जायचा. बापाचा एक नेम होता. कढईतून पहिला घाणा निघाला की त्यातला एक तुकडा पानावर काढायचा आणि मागच्या फणसाखाली ठेवायचा. गिऱ्हाईक भुकेनं तळमळत असलं तरी. फौजदार बसलेला असला तरी. मी विचारायचे, "बाबा, ह्यो कोणाचो?" तो म्हणायचा, "आपल्या आधी जेवन गेले, तेंचो. तेंका विसारलंय तर हाताक चव ऱ्हवाची नाय."

भावाला जहाजावर फोन केला होता. तो म्हणाला, "ऱ्हवांदे यंदा. आणि तू काय घालू नको, बायकांनी घालूची नसता." त्या जहाजावर तो दोनशे माणसांचं रांधतो. तिथं बायकांनी-पुरुषांनी काही नसतं.

पहाटे पाचला उठले. न्हाऊन केळीचं एक पान कापून घेतलं आणि पिशवीत घातलं. कशासाठी ते मनाशीही बोलले नाही.

आधी गालिनाकडे. माशाचा मोठा पाव, त्याला ती पिरोग म्हणते. भट्टीतून निघाला तसा घमघमाट सुटला आणि माझ्या हातानं, मला न विचारता, सुरी घेतली. डावीकडचा खालचा कोपरा, दोन बोटांएवढा. पानावर. वर फॉइल लावून झाकलं. मग उर्सुलाकडे चीजचा केक. तो आदल्या दिवशी भाजून फ्रिजमध्ये ठेवला होता, वर नुसती साखर भुरभुरायची होती. कोपरा पानावर. कॉलिनकडे खिमा खाली आणि बटाटा वर असा त्यांचा तो मेंढपाळाचा पाय की पाई. कोपरा पानावर. डोनातेलाकडे पास्त्याच्या थरांचा लझान्या, मॉरिसकडे कीश. कीश वाटोळी असते, तिला कोपरा नसतो. तिची एक फाक काढली.

पानाकडे बघून मला हसू फुटलं. माझ्या बापानं जन्मात मुंबई बघितली नाही आणि त्याच्या पानावर आज पाच देश मांडून बसलेले. बाबा, म्हटलं, हे पिवळं ते चीज आहे, नासलेलं नाही. शिव्या घालू नको.

सगळं झाकलेलं होतं. पाचही जण नटूनथटून आपापल्या ओट्यापाशी आले आणि आपापलं ताट उचलून घेऊन गेले. फॉइल उघडून बघायची कुणाला गरज वाटली नाही. आपल्याच हातचं होतं ना!

लिंडामायच्या वरच्या दिवाणखान्यात लांब मेज मांडलेलं. मी आधी तिच्या स्वयंपाकघरात शिरले. मागची खिडकी टेकडीकडे उघडते. तिच्या रुंद फळीवर मी पान ठेवलं, हात जोडले, आणि बाहेर येऊन पदर खोचून उभी राहिले.

"चला," लिंडामाय इंग्रजीत म्हणाली. "उघडा."

पाचांनी एकदम फॉइल काढलं, जादूगार रुमाल काढतो तसं.

पिरोगचा कोपरा गायब. केकचा कोपरा गायब. पाईचा, लझान्याचा, आणि कीशला तर तोंड उघडल्यासारखी खाच. वेगवेगळ्या घरांत, वेगवेगळ्या ओट्यांवर ते दिसलं नव्हतं. इथं एका ओळीत मांडल्यावर असं दिसत होतं, जणू एकच उंदीर पाच देश फिरून आला आहे.

लिंडामायनं चष्मा सारखा केला. "हा तुकडा कुणी काढला?" तिनं मॉरिसला विचारलं.

मॉरिस फ्रेंच होता. त्यानं अर्धं मिनिटसुद्धा घेतलं नाही. "मादाम, ही आमची जुनी फ्रेंच पद्धत. पहिली फाक आचाऱ्यानं स्वतः काढायची. मानाची."

"आणि हा?" केककडे बोट.

उर्सुला लाल झाली. "जर्मनीतही तीच पद्धत आहे. तपासणीसाठी. नेमका एवढाच तुकडा काढतात."

"इटलीत तर फारच जुनी!" डोनातेलाचे हात सुटले. "माझी आजी, तिची आजी, कोपरा नेहमी काढायच्या! डावीकडचाच!"

कॉलिन म्हणाला, "आमच्याकडे राणीच्या नावानं काढतात." म्हणाला आणि स्वतःच घाबरला.

गालिना दोन्ही हातांनी तोंड दाबून बसली होती. तिचे खांदे गदागदा हलत होते. "रशियात," ती कशीबशी म्हणाली, "रशियात आम्ही... बर्फासाठी काढतो."

लिंडामायनं मान हलवली, एकेकाकडे बघत. मग माझ्याकडे वळली. "गो शालन, तुमच्यांत आसा काय अशी पद्धत?"

मॉरिसनं मला डोळा मारला. उर्सुलानं भुवई वर केली, म्हणजे वही आठव. मी म्हटलं असतं नाही, तर नाही झालं असतं. पाच घरं राहिली असती. एकाला खोली मिळाली असती, मी त्याच्या खोलीत आचारी झाले असते, त्याच्या नावानं रांधत म्हातारी झाले असते. मी तोंड उघडलं ते नाही म्हणायलाच. खरं सांगते. मी काही शूर नव्हते.

पण तेवढ्यात लिंडामायनं मॉरिसला आणखी एक प्रश्न विचारला. "आणि मग त्या तुकड्याचं काय करता?"

"खातो!" मॉरिस म्हणाला. पोटावरून हात फिरवला. "आचारीच खातो. आज मीच खाल्ला. अप्रतिम होता!"

माझं डोकं फिरलं. सोमवारी जेवणार नाहीत का म्हणालास, गप्प बसले. सुटी दिली नाहीस, गप्प बसले. आता माझ्या बापाच्या पानातला घास तू खाल्लास म्हणून सांगतोस, आणि वर ढेकर?

"खोटा!" मी ओरडले. इंग्रजी, मराठी सगळं विसरून मालवणीतच ओरडले. "खोटा बोलता ह्यो! तो घास माझ्या बापाशीचो! पाचय घास माझ्या बापाशीचे! मीच रांधलंय, मीच काढलंय, आणि कोणी खाल्लो नाय तो, थंय खिडकेत आसा, जावन बघा!"

मालवणी कुणाला कळली नसेल, पण बोट सगळ्यांना कळलं. मी एकेका ताटाकडे बोट दाखवत होते आणि मग स्वतःच्या छातीकडे. ह्या मी. ह्या पण मी. ह्या पण मीच.

आधी डोनातेला उठली. मला वाटलं मला मारणार. ती उर्सुलावर धावली. "तुझा केक शालन करते? दोन वर्षं मी तुला त्याची कृती मागतेय! दोन वर्षं तू म्हणतेस ते तुमचं घराण्यातलं गुपित!"

"आणि तुझ्या आजीचा लझान्या?" उर्सुला किंचाळली. "आजीची आजी?"

"कॉलिन, तू सुद्धा?" मॉरिस म्हणाला. "अरे, पण तुमचं अन्न तर कुणीही करू शकतं!"

गालिनाला आता आवरेना. ती मेजावर डोकं ठेवून हसत होती आणि दिवाणखान्याच्या काचा वाजत होत्या. लबाडी केल्याची लाज त्या पाचांत कुणालाच नव्हती. राग होता तो बाकीच्यांनीही तीच केली याचा.

लिंडामाय मात्र जागेवर नव्हती. काठी टेकत ती आत गेली होती. मी तिच्या मागं धावले. म्हटलं, म्हातारी पान उचलून फेकते आता. ख्रिस्तावाचं घर, मी न विचारता वाडी घातलेली.

ती खिडकीशी उभी होती. फळीवर दोन कावळे. एकानं माशाचा तुकडा तोंडात धरला होता आणि दुसरा लझान्याशी झटत होता. चीज ताणलं जात होतं, वीतभर, दोन वीत, आणि कावळा मागं मागं सरत होता, पण सोडत नव्हता. अगदी माझा बाप. एकदा धरलं की सोडायचा नाही.

"आज कोणाचो दीस?" लिंडामायनं कावळ्यांवरची नजर न काढता हळूच विचारलं.

"सगळ्यांचो, माय. गेले तेंचो."

"तुजो कोण?"

"बापूस. तरीर खानावळ होती तेची."

तिनं कपाटातून एक डबा काढला. आदल्या दिवशीचं दोदोल होतं, नारळ-गुळाचं गोड, काळंभोर. तिनं सुरीनं त्याचा कोपरा काढला. मला ठाऊक आहे तुम्ही विचाराल म्हणून सांगते, डावीकडचा. आणि वाकून तो माझ्या बापाच्या पानावर ठेवला.

"म्हजी मांय काडटाली," ती म्हणाली. कोंकणीत मांय म्हणजे सासू. "पाद्रीक कळूंक दिनासतना." पाद्र्याला कळू न देता. चारशे वर्षांपूर्वी देव बदलला, पण ताव्हेर्नच्या मागच्या दाराशी कोपरा काढायचं कुणी थांबवलं नव्हतं.

बाहेर पाच देश एकमेकांच्या अंगावर ओरडत होते. लिंडामाय कान देऊन ऐकत होती की नाही, कोण जाणे. मग तिनं कमरेला लावलेली ताव्हेर्नची किल्ली सोडली आणि माझ्या ओल्या हातात दिली.

"सकयल कुलूप गंजलां," ती म्हणाली. "तेल घेवन यो."

त्या सोमवारी तिघांनी मला कामावरून काढलं. बुधवारपर्यंत त्यातल्या दोघांनी परत बोलावलं. भूक लागली असणार. मी गेले नाही, मी खाली लिंडामायच्या सासूच्या चुलीची काजळी खरवडत होते. कुलपाला तीन दिवस तेल पाजावं लागलं.

आता त्या खोलीत नऊ मेजं आहेत. दुपारी बांगड्याचं तिखलं आणि पेज असते, संध्याकाळी लझान्या, पिरोग आणि बाकीचे देश. उर्सुलानं जर्मनीला परत जाण्यापूर्वी मला चमचे उंचीप्रमाणे लावून दिले, ते तसेच आहेत. लिंडामाय गेली त्याला सहा वर्षं झाली. तिच्यासाठी रोज वेगळा कोपरा निघतो, मागच्या खिडकीत.

मॉरिस अजून फोंतेन्हासमध्येच राहतो. केस गेले, पोट आलं, कोंकणीचे आता सात शब्द येतात. दर रविवारी एक वाजता येतो, खिडकीजवळच्या मेजावर बसतो आणि पालकाची कीश मागवतो. पहिल्या रविवारी मी ती त्याच्यासमोर ठेवली तेव्हा त्यानं ती बशीसकट फिरवून बघितली. वाटोळी, सोनेरी, वाफाळलेली, आणि एका बाजूनं दोन बोटांची फाक गायब.

"शालनबाय," तो म्हणाला. बाय म्हणायला तेव्हाच शिकला. "इथला तुकडा कुठं गेला?"

मी पदराला हात पुसले.

"फ्रेंच पद्धत आहे, सायब," म्हटलं. "जुनी."